बाबांची गाडी आणि सरांचा डावा हात

गाडीचे सगळे सुटे भाग अंगणातल्या सतरंजीवर मांडून झाले, तेव्हा सर दोन पावलं मागे सरकले आणि कमरेवर हात ठेवून समाधानाने बघत राहिले. एकही भाग रांगेबाहेर नव्हता. सगळ्यात पुढे इवलेसे स्क्रू, त्यांच्यामागे नट, मग बोल्ट, मग नळ्या, पट्ट्या, दांडे आणि सगळ्यात शेवटी भिंतीला टेकून बसलेला काळाकुट्ट गिअरबॉक्स. उंचीप्रमाणे. सरांनी जन्मभर शाळेत पीटी शिकवली होती. जगातल्या कुठल्याही गर्दीला शिस्त लावायची तर ती उंचीप्रमाणेच, याबद्दल त्यांच्या मनात कधी शंका आली नव्हती.

चहाचा कप घेऊन काकू बाहेर आल्या आणि पायरीवरच थबकल्या. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. आळीतली पोरंटोरं त्यांना काकू म्हणायची आणि हळूहळू त्यांच्या वयाचे लोकसुद्धा म्हणायला लागले होते.

"हे काय केलंत?"

"रांगा लावल्या."

"त्या दिसतायत मला. पण अहो, कुठला बोल्ट कुठून काढलाय ते आता कसं कळायचं?"

सरांनी सतरंजीकडे पाहिलं, मग बॉनेट उघडून आ वासलेल्या गाडीकडे पाहिलं. "लहानापासून सुरुवात करू आणि मोठ्यापर्यंत जाऊ," ते म्हणाले खरे, पण आवाजात दम नव्हता.

"गाडी काय लहानापासून मोठ्यापर्यंत जोडतात?"

सरांच्या ओठांत शिट्टी होती. सुटा भाग जागेवर आला की ती एकदा वाजवायची, असा त्यांचा सकाळपासूनचा शिरस्ता होता. त्यांनी ती हळूच काढून खिशात टाकली.

आता मुळात ही गाडी सरांच्या अंगणात येऊन पडली कशी, ते सांगायलाच हवं. गाडी होती काकूंच्या वडिलांची. ते गेल्यानंतर ती काकूंच्या धाकट्या भावाच्या, म्हणजे सरांच्या मेहुण्याच्या घरामागे, एका फाटक्या ताडपत्रीखाली बरीच वर्षं उभी होती. चारही टायर जमिनीला चिकटलेले, रंगाचे पोपडे निघालेले, आणि मागच्या सीटवर एका मांजरीच्या तीन-चार पिढ्या सुखाने नांदून गेलेल्या. मेहुणेबुवांना ती जागा हवी होती. त्यांच्या ओळखीच्या एका हॉटेलवाल्यांना ही गाडी पसंत पडली, पण चालवायला नव्हे. हॉटेलच्या बागेत मधोमध गोल वाफा करून त्यात ती गाडी उभी करायची, बॉनेट उघडं ठेवायचं आणि इंजिनाच्या जागी गुलाब लावायचे, असा त्यांचा बेत होता. खिडक्यांतून वेली सोडायच्या. मेहुणेबुवांना कल्पना आवडली. निदान चार लोक बघतील तरी, असं त्यांना वाटलं आणि ताईच्या कानावर घालावं म्हणून त्यांनी फोन केला.

काकू भावापुढे कधी चकार शब्द काढत नसत. त्या दिवशी मात्र त्या म्हणाल्या, "बाबांच्या गाडीची कुंडी करायची नाही. माझ्याकडे पाठव."

"ताई, ती चालत नाही."

"चालेल. दुरुस्त करू."

"कोण करणार दुरुस्त?"

सर तेव्हा वर्तमानपत्र पसरून नखं कापत बसले होते. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "हे करतील," त्या म्हणाल्या, आणि सरांचं नखाबरोबर थोडं बोटही कापलं गेलं.

मेहुणेबुवा माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक गोष्टीत आपला फायदा कुठे आहे हे त्याला आधी दिसायचं. त्याने अट घातली. "महिन्याभराने मी आणि हॉटेलवाले येतो. गाडी स्वतःच्या पायांनी हॉटेलपर्यंत गेली आणि स्वतःच्या पायांनी तुमच्या घरी परत आली, तर ती तुझी. वाटेत बंद पडली तर हॉटेलची."

"आणि हॉटेलात पोचून बंद पडली तर?" सरांनी विचारलं.

"तर उत्तमच, भाऊजी. टेंपो सांगायचा वाचेल."

गाडीच्या आतली एक तारही कशाची आहे हे सरांना माहीत नव्हतं. नाही म्हणायला त्यांना दहा मिनिटंही लागली नसती. पण गाडी अंगणात आली त्या संध्याकाळी काकू ताडपत्री उचलून गाडीजवळ उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या.

"बाबा रविवारी गाडीखाली झोपायचे दुरुस्तीला. धाकटा आत बसून स्टिअरिंग फिरवायचा आणि तोंडाने आवाज काढायचा. मी उजेडाची बॅटरी धरायची. याचा हात हलायचा ना, म्हणून बॅटरी माझ्याकडे. आणि गाडी बाहेर काढली की हा पुढे बाबांशेजारी, मी आणि आई मागे. मी किती वेळा म्हटलं, बाबा, आज मी पुढे बसू? ते म्हणायचे, बघू. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं हो. त्यांना सुचायचंच नाही. आता बाबा नाहीत, पण गाडी आहे. मला एकदा पुढे बसायचंय."

सरांना एकदम भरून आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोने स्वतःसाठी काही मागितल्याचं त्यांना आठवेना, आणि मागून मागितलं काय, तर एका मोडक्या गाडीतली पुढची जागा. त्यांनी घसा खाकरला, शर्टाच्या बाह्या वर सारल्या आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच गाडी खोलून तिच्या रांगा लावल्या.

त्या रांगांतून वाट काढली ती काकूंनीच. बॅटरी धरून धरून गाडीचं पोट त्यांना पाठ झालं होतं. "तो बुटका पाण्याच्या पंपाचा. त्याच्याशेजारचे दोघे भाऊभाऊ दिसतात, पण ते सख्खे नाहीत. एक पुढचा, एक मागचा," असं त्या सांगायच्या आणि सर गाडीखालून हात लांब करायचे. गंज खरवडताना सर 'एक-दोन-तीन-चार' म्हणायचे आणि पाच म्हणायची वेळ आली की पुन्हा एकवर यायचे. काकूंनी जुन्या जाड पडद्याचं कापड सीटवर चढवलं. मांजर दोनदा येऊन नवीन कापड बघून गेली आणि तिनेही पसंत केलं. तिसऱ्या आठवड्यात इंजिनाने पहिला खोकला काढला, तेव्हा सरांनी शिट्टी इतकी जोरात वाजवली, की समोरच्या घरातले दोन शाळकरी भाऊ सवयीने दारात येऊन सावधान उभे राहिले.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि मग स्टिअरिंग बसवायचा दिवस उजाडला.

इथे सरांच्या एका खोडीबद्दल बोलणं भाग आहे. पीटीच्या तासाला सर मुलांसमोर, मुलांकडे तोंड करून उभे राहायचे. 'डावा हात वर' म्हणायचं आणि स्वतःचा उजवा वर करायचा, म्हणजे समोरची मुलं आरशात बघितल्यासारखा आपापला डावा वर करतात. सगळे पीटीचे सर असंच करतात. पण ते घरी गेले की माणसांत येतात, आमचे सर आले नाहीत. इतकी वर्षं तोंडाने डावा आणि हाताने उजवा केल्यामुळे तो हुकूम त्यांच्या हाडांत मुरला होता. न्हावी म्हणाला, 'मान डावीकडे करा,' की सरांची मान उजवीकडे. एरवी, आपल्या मनाने चालताना, त्यांचं काही चुकत नसे. पण कानावर हुकूम पडला की संपलं. स्कूटरवर मागे बसलेल्या काकू म्हणूनच कधी डावं-उजवं म्हणत नसत. ज्या बाजूला वळायचं त्या खांद्यावर टिचकी मारत.

तर त्या दिवशी सर गाडीखाली उताणे झोपले होते आणि त्यांचे पाय पुढच्या बंपरखालून बाहेर आले होते. काकू पुढून इंजिनावर वाकल्या होत्या. म्हणजे दोघं अगदी समोरासमोर. स्टिअरिंगच्या पेटीतून एक आखूड दांडा निघतो आणि तो चाकांना वळवतो, तो बसवायचा होता. दांड्याचं तोंड एकतर भिंतीच्या बाजूला होऊ शकत होतं, नाहीतर फाटकाच्या. दोन्हीकडे तो सारखाच चपखल बसत होता.

"कुठे करू तोंड?" खालून सरांनी विचारलं.

काकूंनी डोळे मिटून आठवलं. मग त्या म्हणाल्या, "उजवीकडे."

सरांनी दांडा बसवला, नट चढवला, पान्याला लोखंडी पाइप अडकवला आणि व्यायामाने कमावलेल्या दंडांचं सगळं बळ लावून तो असा आवळला, की गाडी एकदा कण्हली.

शनिवारी दुपारी गाडी पहिल्यांदा स्वतःहून हलली. सर आत, काकू फाटकात. दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणेबुवा आणि हॉटेलवाले येणार होते, तेव्हा फाटकापर्यंत एक फेरी मारून बघावी, एवढाच विचार होता. सरांनी क्लच सोडला, गाडी गुरगुरत पुढे निघाली. फाटकाकडे वळायला सरांनी स्टिअरिंग अलगद फिरवलं, आणि गाडी तितक्याच अलगद विरुद्ध दिशेला वळून कपडे वाळत घातलेल्या दोरीत शिरली. काचेवर ओली चादर पसरली. सरांना काही दिसेना, म्हणून त्यांनी स्टिअरिंग आणखी फिरवलं. पाण्याचं पिंप आडवं झालं तेव्हा कुठे गाडी थांबली.

काकूंनी चादर ओढून काढली. आत सर दोन्ही हातांत स्टिअरिंग धरून समोर बघत होते.

"मी फाटकाकडे फिरवलं," ते म्हणाले. "शपथ घेऊन सांगतो."

"मी बघितलं. चाकं उलटी गेली." काकू पुढे आल्या. त्यांनी बॉनेट उघडून आत डोकावलं आणि कपाळाला हात लावला. "दांडा फाटकाकडे बसलाय. तो भिंतीकडे हवा होता."

"तूच उजवीकडे म्हणालीस."

"हो. भिंत माझ्या डावीकडे होती. पण तुम्ही समोर, म्हणजे तुमच्या उजवीकडे. तुम्हाला कळावं म्हणून मी तुमच्या बाजूने विचार करून उजवीकडे म्हटलं."

सर उतरून बॉनेटपाशी आले. "आणि मी म्हटलं, ती उजवीकडे म्हणतेय, पण ती समोर आहे, म्हणजे तिची उजवी. मी तुझ्या बाजूने विचार केला."

लग्न झाल्यापासून दोघांची एकमेकांबद्दल एकच तक्रार होती, की समोरचा कधी माझ्या बाजूने विचार करत नाही. उभ्या आयुष्यात एकाच दिवशी, एकाच क्षणी दोघांनी तो केला, आणि गाडीची चाकं फिरली.

"भिंतीकडे, असं म्हणायचं होतंस," सर म्हणाले.

"आता सुचतंय होय तुम्हाला?"

नट उघडायला सर पुन्हा गाडीखाली गेले. पण त्यांनी स्वतःच आवळलेला तो. पान्याने नटाचे कोपरे झिजले, मग पाना वाकला, मग सर बाहेर आले. शनिवार-रविवार गॅरेजं बंद. दुसरं कोणी हाताशी नाही. काकू पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा इतका पडला होता, की सरांना तिथे उभं राहवेना.

"मी उलटं चालवतो," ते म्हणाले. "त्यात काय एवढं? डावीकडे जायचं असेल तर उजवीकडे फिरवायचं."

बोलायला हे सोपं होतं. प्रत्यक्षात डावीकडे जायचंय, म्हणून उजवीकडे फिरवायचंय, म्हणजे आता आपण उजवीकडे, म्हणजे डावीकडे, इथवर विचार येईपर्यंत पिंप पुन्हा आडवं झालेलं असायचं. तिसऱ्यांदा पिंपावर जाताना काकूंचा संयम सुटला. खांद्यावर टिचकी मारायला त्या गाडीत नव्हत्या, लांब फाटकात होत्या. त्या तिथूनच ओरडल्या, "अहो, डावीकडे."

सरांच्या कानावर हुकूम पडला. हात आपोआप उजवीकडे गेले. स्टिअरिंग उजवीकडे फिरलं, चाकं डावीकडे वळली आणि गाडी पिंपाला वळसा घालून लोण्यातून सुरी फिरावी तशी डावीकडे गेली.

काकू बघतच राहिल्या. "उजवीकडे," त्या हळूच म्हणाल्या. गाडी उजवीकडे वळली.

"डावीकडे. सरळ. उजवीकडे. थांबा." गाडी फाटकात, त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

"आत्ता विचार केलात तुम्ही?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"मग करू नका. उद्याचा दिवस पार पडू दे. मी सांगेन तेवढंच ऐका."

रविवारी मेहुणेबुवा नवे कपडे घालून आले. हॉटेलवाले हातात मोजपट्टी घेऊन आले आणि येताच गाडीची लांबी मोजायला लागले. "वाफा खणून ठेवलाय," ते म्हणाले. "मापात बसेल असं वाटतंय."

मेहुणेबुवांनी हात पुढे केला. "चावी दे, ताई. मीच घेतो चालवायला. बाबांनी मला याच गाडीवर शिकवलंय."

काकूंनी "अरे, यांना सवय झालीय, हेच चालवतील," वगैरे म्हणून पाहिलं, पण भाऊ तोवर स्टिअरिंगवर बसलासुद्धा होता. नवरा-बायको बाजूला उभे राहिले आणि एकमेकांकडे न बघता त्यांनी पिंपाकडे पाहिलं.

गाडी निघाली, वळली आणि पिंप आडवं झालं.

मेहुणेबुवा खाली उतरले. त्यांनी आधी स्टिअरिंगकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. "मी फाटकाकडेच फिरवलं ना?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"आमचं लक्ष नव्हतं," सर म्हणाले.

"तुला चष्म्याचा नंबर तपासायचा होता ना?" काकूंनी काळजीने विचारलं.

हॉटेलवाल्यांसमोर विषय वाढवायला नको, म्हणून मेहुणेबुवा मुकाट्याने मागे जाऊन बसले. हॉटेलवाले त्यांच्याशेजारी बसले. सरांनी स्टिअरिंग धरलं. काकूंनी पुढचं दार उघडलं, पदर सावरला आणि त्या आत बसल्या. त्यांनी समोरच्या फळीवर एकदा हात फिरवला आणि काचेतून बाहेर बघितलं. मागच्या सीटवरून त्यांना आयुष्यभर बाबांचं टक्कल आणि भावाचे कान दिसले होते. आज सगळा रस्ता दिसत होता. सरांना ते बघून इतकं बरं वाटलं, की गाडी परत येईल की नाही याची चिंता ते क्षणभर विसरले.

"सरळ," काकू म्हणाल्या. "आता डावीकडे. सरळ. उजवीकडे."

गाडी सरळ गेली, डावीकडे गेली, उजवीकडे गेली. लोक थांबून बघत होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून हातात घेतली.

"ताई, भाऊजींना हॉटेलचा रस्ता माहीत नाही का?" मागून प्रश्न आला.

"माहीत आहे. पण मी सांगितलेलं त्यांना आवडतं."

"आमच्या घरीही असंच आहे," हॉटेलवाले म्हणाले. "फक्त मला आवडत नाही."

असं चाललं असतं तर मेहुणेबुवांना काही कळलंही नसतं. पण हॉटेल जवळ आलं आणि त्यांना राहवेना. समोरून एक पाववाला सायकलवर येत होता. "उजवीकडे घ्या, भाऊजी," ते मागून म्हणाले, आणि नेमकं त्याच वेळी काकू म्हणाल्या, "डावीकडे." सर आज्ञाधारक माणूस. त्यांनी दोन्ही हुकूम क्रमाने पाळले. गाडी आधी इकडे झुकली, मग तिकडे. पाववाला सायकलसकट फुटपाथवर चढला.

"अहो, डावीकडे नव्हे, उजवीकडे," मेहुणेबुवा म्हणाले.

"तू गप्प बस रे. अहो, डावीकडे."

"ताई, फाटक उजवीकडे आहे."

आता सरांच्या डोक्यात तीन माणसं झाली. एक ताई, एक भाऊ, आणि तिसरे ते स्वतः, कारण इतक्या गोंधळात त्यांनी विचार करायला सुरुवात केली होती. गाडी हॉटेलच्या उघड्या फाटकातून आत गेली, कारंज्याला वळसा घालून मागे आली, विटांची कड ओलांडून गेली आणि एक आचका देऊन बंद पडली.

हॉटेलवाले खाली उतरले, मोजपट्टी काढून पुढून-मागून मोजून आले. गाडी त्यांनी खणलेल्या गोल वाफ्याच्या बरोबर मधोमध उभी होती.

"इंचाचा फरक नाही," ते भारावून म्हणाले. "सर, काय हात आहे तुमचा."

"वाटेत बंद पडली तर हॉटेलची," मेहुणेबुवा म्हणाले. त्यांच्या आवाजात खोटंखोटं दाखवण्याइतकंसुद्धा दुःख नव्हतं. "चल ताई. निदान इथपर्यंत आली, हेच खूप झालं."

काकू उतरल्या नाहीत. समोरच्या फळीवर हात ठेवून बसून राहिल्या. "एवढंच बसायचं होतं मला," त्या सरांना म्हणाल्या. "बसले. झालं." आणि त्यांचा आवाज फुटला.

सर मेहुण्याला आजवर उलट शब्द बोलले नव्हते. बायकोच्या माहेरचा माणूस, म्हणून ते मान राखायचे. पण बायकोचे डोळे भरलेले बघितले आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते गाडीतून उतरले, छाती काढून उभे राहिले आणि शाळेचं मैदान ज्या आवाजाला थरथरायचं, तो आवाज त्यांनी लावला.

"परत जायचं ठरलंय. बंद पडल्यावर पुन्हा सुरू करायची नाही, असं ठरलेलं नाही. दोघं गाडीच्या पुढे. मेहुणे, या दिव्यापाशी. तुम्ही त्या दिव्यापाशी. मोजपट्टी खाली ठेवा. पाय फाकवा. तळवे गाडीवर. ढकला."

माणूस कितीही मोठा झाला तरी पीटीच्या सरांचा हुकूम त्याच्या पायांना आधी कळतो आणि डोक्याला नंतर. मेहुणेबुवा दिव्यापाशी गेले. हॉटेलवाले दुसऱ्या दिव्यापाशी गेले. आपण आपल्या बागेची शोभा आपल्याच हाताने बागेबाहेर का ढकलली, हे त्यांना पुढे कितीतरी दिवस कळलं नाही. सर आत बसले, मागचा गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन खोकलं, शिंकलं आणि धडधडायला लागलं. गाडी हिसका मारून मागे उडी मारून बाहेर पडली, आणि टेकू गेल्यामुळे ढकलणारे दोघं पालथे पडले ते थेट वाफ्यातल्या ओल्या मातीत.

"थांबायचं का त्यांच्यासाठी?" सरांनी विचारलं.

काकूंनी डोळे पुसले आणि मागे वळून बघितलं. मेहुणेबुवा कोपरांवर उठत होते, त्यांच्या नव्या शर्टाच्या खिशात माती भरली होती. "थांबलो तर पुन्हा बंद पडेल," त्या म्हणाल्या. "उजवीकडे घ्या."

आता गाडीत दोघंच होते. सरांनी विचार करणं सोडून दिलं होतं आणि त्यांना अतिशय हलकं वाटत होतं. गाडी झुळझुळ चालली होती. चौक आला. घर उजवीकडे होतं.

"डावीकडे," काकू म्हणाल्या.

गाडी डावीकडे वळली. "अगं, घर तिकडे राहिलं," सर म्हणाले.

"माहीत आहे मला. सरळ चला."

मग त्या तळ्यावरून गेल्या, आपल्या जुन्या शाळेवरून गेल्या, जिथे त्यांचं काहीही काम नव्हतं अशा दोन-तीन गल्ल्यांतून गेल्या. एका वळणावर डावीकडे म्हणाल्या, मग त्यांना वाटलं, उजवीकडेच बरं होतं, म्हणून त्यांनी पूर्ण फेरी मारायला लावली. सरांनी मारली. कुठे चाललोय, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. विचारायचं त्यांच्या मनातच आलं नाही, कारण मन त्यांनी घरीच ठेवलं होतं.

ते परतले तेव्हा मेहुणेबुवा चालत येऊन फाटकात बऱ्याच वेळापासून उभे होते. अंगावरची माती वाळून पांढरी झाली होती.

"मला वाटलं पुन्हा बंद पडली," ते म्हणाले. गाडी त्यांच्या देखत फाटकातून आत आली, पिंपाला वळसा घालून उभी राहिली. त्यांनी मान हलवली. "तुझी झाली, ताई. मी काही बोलत नाही. पण चालत येताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्टिअरिंग उलटं बसलंय. उद्या माझा मेकॅनिक पाठवतो, तो तासाभरात सरळ करून देईल."

"नको," काकू म्हणाल्या.

"ताई, वेड लागलंय का? उलटी वळते ती. भाऊजींना एकट्याला दहा पावलं नेता यायची नाही."

"म्हणूनच नको." काकू अजून पुढच्या सीटवरच होत्या. "बाबांनी कधी मला विचारलं नाही, कुठे जायचं. तूही नाहीस. हे तरी कधी विचारायचे? पण ही गाडी मला विचारल्याशिवाय हलत नाही. तशीच राहू दे."

मेहुणेबुवांनी सरांकडे बघितलं, सरांनी खांदे उडवले. मग त्यांनी आपल्या मातकट कपड्यांकडे बघितलं, लांबच्या रस्त्याकडे बघितलं, आणि कोणी न सांगता मागचं दार उघडून आत जाऊन बसले.

"मला घरी सोडाल?" त्यांनी विचारलं.

"सोडतो की," सर म्हणाले. त्यांनी गाडी सुरू केली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि काकूंकडे बघत थांबून राहिले.